माळ्यावरचा लॅपटॉप

पुसलेली फाइल कॉम्प्युटरमधून जात नाही, यादीतलं तिचं नाव तेवढं जातं, असं वर्गातले सर कानीकपाळी ओरडायचे. प्रमाणपत्राची परीक्षा चार दिवसांवर आली, तेव्हा अशा फाइली परत मिळवण्याचा सराव करायला तिने बाबांचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. "त्यात काय उरलंय? खुशाल चिरफाड कर," म्हणत बाबा चहा टाकायला गेले. परत मिळालेली पहिलीच फाइल तिने उघडली. दहा वर्षांपूर्वीचं, परदेशातल्या नोकरीचं, तिच्याच नावाचं नेमणूकपत्र! अर्जात तिने बाबांचाच ईमेल दिला होता, रोज विचारलं की ते म्हणायचे, "काहीच आलं नाही गं." दुसरी फाइल म्हणजे तिच्या नावाने धाडलेला नकार: 'वडील एकटे पडतील.' मागे कपबशी किणकिणली. बाबांची नजर स्क्रीनवर खिळली होती. "पण," ते पुटपुटले, "हे तर मी पुसलं होतं!"