पलीकडच्या खोलीतले निरोप

दोघी बहिणी जन्मापासून आंधळ्या. थोरली घरूनच कंपनीची पत्रं टाइप करायची. तिचा ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरची अक्षरं उंचवट्याच्या ठिपक्यांत वर आणणारी पट्टी, वायरशिवाय कॉम्प्युटरला जोडलेला असायचा. एकदा धाकटीनं हौसेनं तो आपल्या फोनला जोडून पाहिला आणि जोडणी तशीच राहून गेली. तेव्हापासून कामाचा कंटाळा आला की थोरली एक बटण दाबायची, आणि पलीकडच्या खोलीत धाकटी वाचत असलेले निरोप तिच्या बोटांखाली उमटायचे. ना आवाज, ना सुगावा. लाज वाटायची, पण बोटं ऐकायची नाहीत.

आज दुपारी बटण दाबलं, तर एकच ओळ आली : ‘ताई, बोटं काढ.’

तिची कानशिलं तापली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं डिस्प्ले बंद केला. ठिपके खाली बसले.

“अगं, रागावलीस का?” तिनं चाचरत हाक मारली.

उघडलं ते बाहेरचं दार.

“कुणावर रागावू?” धाकटी चपला काढत म्हणाली. “फोन सकाळपासून दुरुस्तीला टाकलाय. बॅटरीच काढून ठेवलीय दुकानदारानं. का गं, काही हवं होतं?”

“छे, काही नाही,” म्हणत थोरलीनं डिस्प्ले घाईघाईनं बाजूला सारला.

बंद डिस्प्लेवर ठिपके पुन्हा वर आले होते.

‘तू सांगतेस, की मी सांगू?’