पिशवीतला वारा

लालासाहेबांच्या सरणावर शेवटचं लाकूड चढलं, तसा नाथाजींनी पाईप काखेत घेतला. पलटणीचा बाजा तो. कातडी पिशवीत तोंडानं वारा भरायचा आणि बोटांनी सूर काढायचा. नळी ओठांना लावली, पिशवी अर्धी फुगली नाही तोच त्यांना ढास लागली.

"ऱ्हाऊ द्या आण्णा," नानासो म्हणाले. मयताचे धाकटे भाऊ. "हात जोडा, पोचलं त्येला. ऊन चढाय लागलंय."

नाथाजींनी पुन्हा फुंकलं. बँडात ते पाईपवर आणि लालासाहेब ढोलावर, अशी दोघांची सगळी नोकरी झालेली. परेड संपवून रंगरूट मैदान सोडतात तेव्हा एक निरोपाचं गाणं वाजतं. मागं राहील त्यानं पुढं जाणाऱ्याला ते वाजवून धाडायचं, हा दोघांचा शब्द होता. आज शब्द होता, बोटं होती, दम नव्हता. पिशवीतून नुसता रेड्यासारखा हुंकार निघाला. कुणीतरी हसू दाबलं.

गडी माणसं बाजूला सरली आणि नाथाजींची बायको विजयमाला पुढं आली. बाकीच्या बायका वेशीवरनंच माघारी फिरल्या होत्या. ही कृष्णेच्या काठानं मागं मागं येत राहिली होती.

"वैनी, बायकांनी हितं यायचं नसतंय."

"मला जाळाय आणशील तवा चालंल न्हवं?"

नानासोंनी मान फिरवली. "आन् वर ह्ये इंग्रजाचं गाणं. दीडशे वर्सं राबवून घेतलं त्येंनी. आता सरणापाशी बी त्येंचंच?"

"इंग्रजाचं कुणी सांगितलं तुला? स्कॉटलंडच्या कुळवाड्याचं हाय. दुसऱ्याच्या रानात राबायचा, नांगरामागं गाणी जुळवायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची जुनी गाणी गोळा करून नीट करायचा. शाणी माणसं म्हनली, बाबा, इंग्रजीत लिव. त्यो आपल्या गावच्या बोलीतच लिवत ऱ्हायला." तिनं नानासोंकडं खालीवर पाहिलं. "तुजं पोरगं विश्रामबागेत कालेजला गेलं आन् चार म्हयन्यात आईला आमच्यासारखं बोलू नगंस म्हनाय लागलं. त्यापरास त्यो जवळचा."

"तुला लय ठावं."

"तुझ्या भावानं सांगितलंय. माझ्या चुलीम्होरं बसून, च्या पीत."



ती नवऱ्याकडं वळली. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, ढासेचं की कशाचं, हे ते कुणाला सांगणार नव्हते.

"नळी हिकडं करा."

"आगं, लोकं बघत्यात."

"बघू द्या. त्येंच्या आयांनी बी फुकणीच फुकलीया. तुमी नुसती बोटं चालवा."

तिनं नळी तोंडात धरली. गाल फुगले, मानेची शीर तटतटली. पदर डोक्यावरनं घसरला, तो तिनं सावरला नाही. जन्मभर ओल्या लाकडांची चूल फुंकलेली बाई. पिशवी टरारून फुगली. नाथाजींनी कोपर दाबलं. आधी नुसता घुमारा उठला, चिंचेवरचे कावळे उडाले, आणि मग त्यांच्या बोटांखालनं ते गाणं संथ निघालं. भजनी मंडळानं टाळ खाली ठेवले. लालासाहेबांचा थोरला, दिग्विजय, पेटती चूड हातात घेऊन तसाच उभा राहिला.

गाणं एकदा फिरून पहिल्या ओळीवर आलं.

"झालं," नानासो म्हणाले. "दिग्विजय, लाव अग्नी."

दिग्विजयनं चूड पुढं केली आणि काकीकडं पाहिलं.

विजयमालेनं नळीवरचं तोंड काढलं. गाणं थांबलं नाही. पिशवीत वारा होता, नाथाजी वाजवतच होते.

"थांब," ती म्हणाली. "कडवं ऱ्हायलंय अजून."

आणि पिशवी ढिली पडायच्या आत तिनं नळी परत तोंडात घेतली.