बाहेर जाणारं दूध

साहेब, तुम्ही आमच्या साखराबाईला फसवलंत, आणि तेही माईक हातात धरून.

डेअरीची दूध पावडर परदेशातून परत आली, तिच्यात इंजेक्शनच्या औषधाचा अंश सापडला, तेव्हा डेअरीचे चेअरमन म्हणून तुम्हीच माजलगावात म्हशीवाल्यांची सभा घेतलीत. "जनावरांच्या औषधाचा नियम आता साऱ्या देशांत एकच. इंजेक्शन दिलेल्या म्हशीचं दूध ठरलेले दिवस डेअरीला घालायचं नाही. कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं ते," असं म्हणालात. पुढच्याच आठवड्यात साखराबाईच्या म्हशीची कास सुजली, इंजेक्शन द्यावं लागलं, आणि बाई दोन्ही वेळची धार उकिरड्यावर ओतायला लागली.

"लई शानी झालीस का गं?" तिचा नवरा आसाराम कावला. "त्या गोऱ्यांच्या पोरांसाठी घरचं दूध मातीत?"

"गोरं असू दे न्हाईतर काळं, लेकरू ते लेकरूच. तुमी गप बसा."

काल तुम्ही हार घालून घेतलात आणि गावच्या अंगणवाडीला पावडरीची पोती दिलीत. साखराबाईची नात पेला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. पोती उतरवणारा सोमनाथ हळूच बोलला, "मावशे, ही तीच हायेत, परत आलेली." बाईनं तुम्हाला तिथंच गाठलं, तर तुम्ही हसलात. "अहो, तो नियम बाहेर जाणाऱ्या मालाला. इथं चालतं."



साहेब, त्या पोरीचं पोट कोणत्या देशात येतं, तेवढं सांगा.