चिरलेला पाईप

"अहो, ॲक्सिलरेटर न दाबता गाडी उसळते," असं बायको महिनाभर सांगत होती आणि नवरा हसण्यावारी नेत होता. मग एका सकाळी तिने ती जुनी, छोटी गाडी हळूच फाटकातून काढली आणि गाडी उसळून तिच्याच आईच्या पायांवर गेली. नवरा गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला. इंजिनाचा आवाज आपोआप चढत-उतरत होता. मेकॅनिकने बॉनेटखालून रबरी पाईप उपसला. "चिरलाय, साहेब. इथून जादा हवा शिरते, म्हणून गाडी उसळते. चालवणाऱ्याचा काय दोष?" नवऱ्याने पाईप बदलून घेतला. घरी बायको दारातच उभी होती. "काही निघालं का?" "काही नाही. गाडी ठणठणीत आहे." ती आत गेली. आईची उशी सारखी करत म्हणाली, "माझंच चुकलं गं, आई." आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "चहा टाकतेस ना?"