वाणाचं कूपन

हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून मॅमोग्राफीचं कूपन होतं. तिळगुळासोबत ते माझ्या हातात देत जाऊबाई म्हणाल्या, "शनिवारी आपण सगळ्या जाऊ. टेम्पो ट्रॅव्हलर सांगितलीय."

"जायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचंय मला. माझ्या वयाला या तपासणीचा फायदा किती, उगाच घाबरवणारे रिपोर्ट किती येतात, ते कळलं की ठरवीन."

"घाबरतेय ही!" एक जण हसली. मी नाही म्हणत नव्हते, विचारून ठरवणार होते. पण जाऊबाईंनी माझी खिडकीची सीटसुद्धा ठरवून टाकली.

वैतागून मी स्वयंपाकघरात गेले. मागोमाग सासूबाई आल्या, दार लोटून घेतलं. "डॉक्टरांना विचारणार आहेस, तर माझंही विचार. छातीत हाताला गाठ लागत असेल, तर काय ठरवायचं?"

"कधीपासून लागतेय?"

"दिवाळीपासून. आता शनिवारी कळेलच म्हटलं."

मी गॅस बंद केला. "आई, माझे प्रश्न काही त्रास नसलेल्या बाईचे आहेत. गाठ लागली की शनिवारची वाट पाहायची नसते. चप्पल घाला, दवाखाना उघडा असेल."

"अगं, पण बाहेर बायका बसल्यात."

"बसू देत. त्यांना सीटा ठरवायच्यात अजून."