अस्पृश्यतेवर एक

महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. अमडापूरजवळच्या एका शाळेत मुलांसाठी सहा पुस्तकं आली: लढाईवर तीन, हुंड्यावर दोन, अस्पृश्यतेवर एक. त्या एकाच्या मुखपृष्ठावर गयाएवढीच मुलगी विहिरीवर पाणी भरत होती. गयाला ते स्वतःच्या हातात धरून वाचायचं होतं.

"गुर्जी, मी वाचू का?"

"तू काऊन हात लावतं, पोरी? जाग्यावर जाऊन बस. मी वाचतो ना सगळ्यायसाठी!" हिंमतराव गुरुजी म्हणाले.

शिवाशीव हे केवढं पाप, ते वाचताना त्यांचा चष्मा ओला झाला. तो पुसून त्यांनी हाक मारली, "गया, आयकू येऊन राह्यलं ना वं?"

"हाव, गुर्जी!" व्हरांड्यातल्या पोत्यावरून ती ओरडली.

पोतं वर्गाच्या उंबऱ्यापासून नऊ फुटांवर होतं.