कोरं उत्तर

केतकीने पुण्यातून तिसऱ्यांदा विचारलं, आणि डेअरीतल्या दूध थंड करायच्या मशीनने तिसऱ्यांदा कोरंच उत्तर पाठवलं. कालच तिने डीबगरची, म्हणजे मशीनला प्रश्न विचारून बिघाड शोधणाऱ्या प्रोग्रामची, प्रश्न विचारायची पद्धत बदलली होती. ऑफिसातली मशीनं बोलतायत, मग यालाच काय धाड भरली?

"दगडूभाऊ, मशीन मेलंय. बोर्ड बदला," ती डेअरीतल्या ऑपरेटरला फोनवर म्हणाली.

"बोर्ड येईतो दूध नासेल. आणि मेलेलं मशीन कोरं का होईना, उत्तर तरी देईल का मॅडम? आमच्या आत्याला इंग्रजीत विचारलं तर ती नुसती हसते. म्हणून तिची तिरडी बांधायची?"

केतकी गोंधळली. हे मशीन जुनं, याला नवा प्रश्न कळतच नसेल? जुने प्रश्न तर तिनेच पुसले होते. ते तिने परत घातले: आधी नवा विचारायचा, कोरं आलं की जुना.

मशीन लगेच बोललं. पंपाची वायर सुटली होती.

"अशी जुनी मशीनं अजून किती आहेत?" केतकीने विचारलं.

"तालुक्यात? सगळीच."